बगळ्यांचा धोका आणि सात मार्चचं लग्न

एल्डर फोर्क, इंडियाना
नऊ डिसेंबर, मंगळवार

थोरल्या लोरेटाताईला धाकट्या ग्लेंडाचा मनापासून नमस्कार,

तुझा गुडघा कसा आहे? दाजी कानातलं यंत्र लावायला लागले का, की ते अजून खिशात बसूनच ऐकतंय? कोंबड्या थंडीत अंडी देतात का? आमच्याकडे सगळे खाऊनपिऊन धडधाकट आहेत, डोकं तेवढं कोणाचं ठिकाणावर नाही. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे (शाळेत मी नववीपर्यंत गेले, त्यातही अर्धं वर्ष गोवरात गेलं), तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. फोन केला असता, पण मी फोन उचलला की नवरोबा वर्लिन टीव्हीचा आवाज कमी करतो.

ताई, मला या गावाचा वीट आलाय आणि या बास्केटबॉलचा त्याहून जास्त. आमच्या लेकीचं, शेल्बीचं लग्न सात मार्चला आहे हे तुला कळवलं होतं. ती सात तारीख कशी निघाली ते आता ऐक, कारण गावभर मलाच मूर्ख म्हणतात, निदान सख्ख्या बहिणीला तरी खरं माहीत असावं. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कॅलेंडर लटकतंय. ते अठ्ठ्याऐंशी सालचं आहे. त्या साली आमच्या शाळेच्या संघाने, म्हणजे खेचरांनी, विभागीय स्पर्धा जिंकली, आणि खतबियाण्याच्या दुकानाने संघाचा फोटो छापून कॅलेंडरं वाटली. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा वर्लिन, डोक्यावर केस असलेला. (अंतिम सामन्यात तो चाळीस सेकंद खेळला. त्या चाळीस सेकंदांची हकिकत सांगायला त्याला पाऊण तास लागतो.) ते कॅलेंडर सदतीस वर्षांत कोणी खिळ्यावरून काढलेलं नाही. भिंतीला दोनदा रंग दिला तोही त्याच्या कडेकडेने. तर सप्टेंबरात हॉलवाल्या बाईचा फोन आला, मार्चमधली कुठली तारीख धरू म्हणून. माझे हात पिठात. मान वर करून बघितलं तर विभागीय स्पर्धा पाच मार्चला संपते, वर लाल पेन्सिलीने गोल केलेला. म्हटलं पाचला संपते ना, मग त्याच्या पुढचा शनिवार द्या. ती म्हणाली सात. मी म्हटलं सात. या गावात जन्मलेली बाई लग्नाची तारीख काढताना आधी विभागीय कधी ते बघते, बाकी सगळं मागून. मी ते बघितलं हीच माझी चूक. बघितलं नसतं तर कदाचित बरी तारीख निघाली असती.

चूक कळली ती ऑक्टोबरात, पत्रिका छापून आल्यावर. यंदा विभागीयचा अंतिम सामना सात मार्चला संध्याकाळी साडेसातला आहे, आणि तोही तुमच्या बेल्टन क्रीकच्या शाळेत, इथून चाळीस मैलांवर. लग्न त्याच दिवशी पाच वाजता. आधी घेता येत नाही, कारण तीनपर्यंत हॉलात सशांचं प्रदर्शन आहे (सशांनी आपल्याआधी हॉल धरला). पुढे ढकलता येत नाही, कारण कर्टिस नऊ तारखेला अलास्कात कामावर रुजू होतोय आणि शेल्बी त्याच्याबरोबर जाणार. जावई म्हणून पोरगा चांगला आहे, पण ॲरिझोनाचा. त्याला विभागीय म्हणजे काय ते तासभर समजावलं, तर शेवटी त्याने विचारलं, म्हणजे हा शाळेतल्या मुलांचा खेळ ना? वर्लिन दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

आता हिशेब सरळ आहे. खेचरं शनिवारच्या आत हरली तर लग्नाला गावही हजर आणि बापही. नाही हरली तर त्या हॉलात मी, नवरानवरी, ॲरिझोनाची माणसं आणि सशांचा वास. बापाने लेकीबरोबर नाचायचं गाणं संध्याकाळी सात वाजता लावायचंय, आणि सात वाजता वर्लिन तुमच्या गावात जागा धरून बसलेला असणार. तसं त्याने मला तोंडावर सांगितलेलं नाही. बघू, मार्च लांब आहे, एवढंच म्हणतो. सव्वीस वर्षं संसार केलाय, त्याच्या बघूचा अर्थ मला कळतो.

यातून मला सोडवणारं जगात एकच आहे, ते म्हणजे तुमच्या शाळेचा संघ, तुमचे बगळे. कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या फेब्रुवारीत पडतात, पण गेली नऊ वर्षं आमची गाठ शुक्रवारच्या उपांत्य सामन्यात तुमच्याशीच पडते, यंदाही पडणार. तुम्ही शुक्रवारी आम्हाला लोळवलंत की शनिवार माझा. म्हणून या अख्ख्या एल्डर फोर्कमध्ये बगळ्यांचा धोका आहे असं म्हणणारी मी एकटी. बाकी सगळं गाव सकाळी सहाला माझ्याच खानावळीच्या काउंटरवर बसून, माझीच पावासारखी बिस्किटं आणि रस्सा खाऊन, धोका नाही म्हणून सांगतं.

तुमचा संघ यंदा चारही सामने तीस-तीस गुणांनी जिंकला. ऑर्व्हल (शाळेची बस चालवायचा तो, तुला एकदा बर्फात मधेच उतरवलं होतं) म्हणतो, जिंकले पण कोणाशी? एका शाळेला तर पोरं कमी पडली म्हणून बँडमधला ढोलवाला उतरवावा लागला. वर त्याची मक्याची गोष्ट आहेच: जुलैत मका सगळ्यांचाच गुडघ्याला लागतो, कणीस धरलं का ते ऑक्टोबरात बघायचं. पाद्री टीगार्डनबुवा म्हणतात, बगळे आता जिंकतायत हे चांगलंच आहे, मार्चपर्यंत माजतील आणि माजलेला पडतो असं शास्त्रात आहे. (हेच बुवा लग्न लावणार आहेत. पाचला सुरू करून किती लवकर आटपता येईल, असं त्यांनी मला दोनदा विचारलंय.) आणि वर्लिनचं म्हणणं असं की तुमचा तो उंच पोरगा मुळात उंचच नाही. पत्रकात सहा फूट अकरा इंच छापलंय, पण छापखान्यात प्रत्येकाला दोन इंच फुकट मिळतात. "अठ्ठ्याऐंशीला मलापण सहा-दोन छापलं होतं," म्हणाला. ताई, तो पाच-अकरा आहे. बूट घालून.

मी म्हटलं, माझी बहीण त्या शाळेच्या जेवणघरात वाढते, तिला खिडकीतून त्या पोराचं तोंड कधी दिसलेलं नाही, नुसती शर्टाची तिसरी गुंडी दिसते. झालं. खिडकी जमिनीपासून किती वर आहे, बहीण स्वतः किती उंच, पोरगा रांगेत वाकून उभा असतो की ताठ, यावर कागदी रुमालावर आकडेमोड सुरू झाली. त्यात माझे आठ रुमाल गेले. शेवटी ऑर्व्हल माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्लेंडा, तू नक्की कोणाच्या बाजूची?" मी म्हटलं, अंड्यांच्या, ती गार होतायत. तेव्हापासून मला बगळीण म्हणतात. टपाल टाकायला येणारी बाईसुद्धा म्हणते.

आता एक कबूल करते, राग मानू नकोस. गेल्या शनिवारी मी तुमच्या गावात आले होते आणि तुझ्याकडे आले नाही. वर्लिनला सांगितलं शेल्बीच्या झग्याची लेस बघायला जातेय, आणि गेले तुमच्या सामन्याला. तुमच्या संघाचा हिरवा मफलर मागून घेतला, तुमच्या लोकांत बसले. म्हटलं एकदा स्वतः बघावं या बगळ्यांत दम आहे का, माझी सगळी मदार त्यांच्यावर. पोरगा उंच आहे, ताई. तो चेंडू रिंगमध्ये टाकत नाही, ठेवतो, फडताळात बरणी ठेवावी तसा. माझा जीव भांड्यात पडला, आणि खाली बघते तर तीन ओळी पुढे बायकोची पावसाळी टोपी घालून कोण बसलंय, तर ऑर्व्हल. लाह्यांच्या गाडीपाशी शिकारीची टोपी भुवयांपर्यंत ओढून पाद्रीबुवा. आणि कोपऱ्यात, ट्रॅक्टरचा भाग बघायला म्हणून सकाळीच घरातून गेलेला माझा नवरा, चर्चच्या पत्रकामागे काहीतरी भराभरा लिहून घेतोय. कोणी कोणाला ओळख दिली नाही. निघताना दारात चौघांची गाठ पडली. पाद्रीबुवा म्हणाले, थंडी फार आहे. आम्ही म्हटलं, फार आहे. आणि चार गाड्यांतून चौघं एकामागोमाग चाळीस मैल घरी आलो. सोमवारी सकाळी पुन्हा तीच तोंडं, तीच बिस्किटं, आणि ऑर्व्हल सांगतोय की धोका नाही. ज्याचा धोका नाही ते बघायला माणूस बायकोची टोपी घालून बर्फातून जातो का, तूच सांग.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी शेल्बी माझ्याशेजारी उभी राहून ताटं पुसत होती. ही पोरगी कधी काही मागत नाही, तुला माहीत आहे. ती ताटाकडे बघतच म्हणाली, "आई, मला एकच सांग. बाबा माझ्याबरोबर नाचणार आहेत की नाही? नसतील तर मी कर्टिसच्या आजोबांना विचारते. त्यांचा एकच पाय कामाचा आहे, पण ते येणार आहेत."

मी धुतलेलं ताट परत धुतलं.

तर ताई, माझा या खेळाशी संबंध संपला. येत्या शुक्रवारी तुमचा संघ इथे येतोय. मी जाणार आहे, पण फक्त बगळ्यांसाठी टाळ्या वाजवायला, आणि गावाने बघितलं तर बघू दे. तुमच्या पोरांनी एकदा यांची रग जिरवली की काउंटरवर मुकाट्याने खातील आणि वर्लिन लग्नाचा कोट शिवायला टाकेल. दाजींना नमस्कार सांग, मोठ्याने.

तुझी वैतागलेली धाकटी,
ग्लेंडा

ता. क. तो उंच पोरगा वाळक्या काटकीसारखा आहे. आमच्या मधल्या गड्याची पाठ कोठाराच्या दाराएवढी, मार्चमध्ये तो त्याला नुसता ढकलून देईल. तेव्हा त्याला रोज दोनदा वाढ, चीज घातलेली मॅकरोनी जास्त. शिवाय गणितात नापास झाला तर खेळता येत नाही म्हणे. गणिताच्या बाई तुझ्याकडून सफरचंदाचा केक नेतात ना? केक देताना सहज विषय काढ.

ता. क. (तेरा तारीख, शनिवार) घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहून गेलं, ते बरंच झालं. काल सामना झाला. एकोणीस गुणांनी तुम्ही जिंकलात. म्हटलं सुटले, आज सकाळी ही माणसं खाली मान घालून बसतील. कसलं काय. ऑर्व्हल म्हणतो, डिसेंबरात एकदा हरलेलं बरं, जुलाबाचं औषध घेतल्यासारखं असतं. पाद्रीबुवा म्हणतात, आता ते माजणार. वर्लिन म्हणतो, आपण त्यांचं सगळं बघून घेतलं आणि आपलं काहीच दाखवलं नाही. म्हणजे जिंकलो असतो तर धोका नव्हता, आणि हरलो म्हणून तर मुळीच नाही. मी विचारलं, बरं, मार्चमध्ये शुक्रवारी हरलात तर शनिवारी काय कराल? तिघंही माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागले. शनिवारी जाणारच, म्हणाले, आपल्याला हरवणारा हरतो का ते बघायला नको? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तुमचा पोरगा दहा फूट झाला तरी मला सात मार्चला नवरा मिळायचा नाही.

म्हणून आता खरं काम. शाळेच्या जेवणघराची किल्ली तुझ्याकडे असते, आणि जेवणघर आणि खेळाचं मैदान यांच्यामध्ये एकच दार आहे. सात तारखेला ते जेवणघर मला हवंय. मुख्याध्यापकांना तू विचार, मी विचारलं तर भांडण होईल. लग्न तिथेच पाचला लावू. गाव तसंही तिथे येणार, पाद्रीबुवांसकट. जेवण साडेसहाला. आणि बापलेकीचा नाच मध्यंतरात. मध्यंतर दहा मिनिटांचं असतं, गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. शेल्बीला विचारलं, ती आधी हसली, मग नाक पुसलं आणि हो म्हणाली. कर्टिसला काही कळलं नाही, तोही हो म्हणाला. वर्लिनला आत्ता दुपारी जेवताना विचारलं. त्याने कॉफीत चमचा फिरवला. मग म्हणाला, "एकच गाणं का? दहा मिनिटांत दोन बसतात." आणि उठून ट्रॅक्टरकडे गेला. ट्रॅक्टर बंदच आहे, त्याला भाग मिळालेला नाही.

ता. क. त्या पोराला दोनदा वाढू नकोस. गणिताच्या बाईंनाही केक पुरे. काल मी बगळ्यांसाठी टाळ्या वाजवायला गेले होते, पण पंचाने आमच्या पोरावर उगाच शिट्टी फुंकली आणि पुढचं मला नीट आठवत नाही. बाकावर चढले होते असं लोक सांगतात. आवाज पार बसलाय. गाणी लावायच्या यंत्रापाशी मात्र तूच उभी राहा. दुसरं गाणं लांबायला लागलं तर बिनधास्त बंद कर, वर्लिन काय म्हणेल याची फिकीर करू नकोस. उत्तरार्धाचा पहिला चेंडू मला चुकवायचा नाही.