दर्भाचा पुतळा जाळू नका

नौदलाचा दवाखाना, चितगाव
सन १९४४

तीर्थरूप अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून उद्धवचा नमस्कार.

मी जिवंत आहे. एवढं आईला आणि तुमच्या सुनेला, प्रमोदिनीला, मोठ्यानं वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

आमचं नौदलाचं विमान जपान्यांनी समुद्रावर पाडलं. चालवणारे साहेब बुडाले. मांजरा नदीत तुम्ही पोहायला शिकवलंत म्हणून मी वाचलो. कोळ्यांनी मला उचललं, पण त्यांचं गाव दुश्मनाच्या ताब्यात, त्यामुळे महिनोन्महिने खबर धाडता आली नाही. इथं आल्यावर कळलं, मी मेल्याची तार घरी बिलोलीला कधीच गेली.

अण्णा, देह सापडला नाही म्हणून माझा दर्भाचा पुतळा करून जाळला तर नाही ना? प्रमोदिनीच्या बांगड्या? तुम्ही शास्त्रात कधी कुचराई करत नाही, म्हणूनच जीव टांगणीला लागला आहे.

आईचा दमा कसा आहे? माझी फिकीर करू नका. इथं वरण-भात मिळतो. पायाला थोडं लागलं होतं, आता ठीक आहे.

क्रिया उरकली असेल तरी कळवा. मेलेला परत आला तर त्याचं पुन्हा बारसं करतात, मुंज करतात, त्याच बायकोशी लग्न लावतात, हे तुम्हीच सांगायचात. मी सगळं करीन. फक्त दारातून परत फिरवू नका.

आणि प्रमोदिनीला आधीच सांगा, सप्तपदी चालायला माझा एकच पाय उरला आहे.

तुमचा जिवंत मुलगा,
उद्धव