सरांनी कापलेलं वाक्य

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सातवीतला तो पेपर वाटायचा तास मी विसरलेली नाही. ‘पाण्यासारखा पैसा ओतणे’, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. अर्थ मी बरोबर लिहिला होता, अतोनात खर्च करणे. आणि वाक्य, ‘माझ्या बाबांनी आजीच्या आजारपणात पाण्यासारखा पैसा ओतला.’ तुम्ही मला उभं करता, वाक्य सगळ्या वर्गाला वाचून दाखवता आणि विचारता, “काऊन वं, तुया बापाचा तर स्टँडवर पानठेला. ओताले पैसा कुठून आणला त्यानं?” वर्ग हसतो. तुम्ही लाल पेनाने वाक्य कापता. आजीला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुम्ही मयतीला आला होता, सर.

मी मराठीचीच शिक्षिका झाले, देवळीच्या त्याच शाळेत. तुमच्यामुळे झाले, असं लोक कौतुकाने म्हणतात. खरंच आहे. मला तुमची खुर्ची हवी होती.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलाने शाळेला तुमच्या नावाचा रंगमंच बांधून दिला. संगमरवरी पायऱ्या, पितळी अक्षरं. उद्घाटनाला तुमच्याविषयी बोलायला मलाच सांगितलं. मी माइक घेतला, मुलांना तुमचा तो वाक्प्रचार विचारला आणि मग मीच वाक्यात उपयोग करून दाखवला. “साहेबांनी या रंगमंचावर पाण्यासारखा पैसा ओतला. सर मात्र दोन वर्षं मागच्या खोलीत पडून होते, तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला साहेबांना सवड झाली नाही.” गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माइकवर कुणी बोललं नव्हतं. तुमच्या मुलाची मान खाली गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या तुमच्या पत्नीने, काकूंनी, पदर तोंडाला लावला. मला जराही वाईट वाटलं नाही. घरी येताना मी पावभर जिलेबी घेतली.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी जिलेबीची पुडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “पण बाई, म्हातारीले आपण दवाखान्यात नेलंच कुठं होतं? सेवाग्रामचा दवाखाना इतका जवळ. मीच म्हणत राह्यलो, उद्या पाहू, उद्या पाहू.”

मला ते आठवत होतं, सर. वाक्य खोटंच होतं आणि तुम्ही ते ओळखलं होतं, म्हणून तर तुम्हाला माफ करणं मला कधी जमलं नाही. आताही करत नाही. हे पत्रही कुणाला द्यायचं नाही. फक्त काकूंचं घर शाळेच्या वाटेवर आहे, आणि त्या सकाळी दारातच बसलेल्या असतात. सध्या मी मागच्या गल्लीने जाते.