हेक्टर लॉरिमरचे वाकडे दात

एडिनबरा,
७ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप पद्माकरमामा,

एडिनबऱ्याहून तुमच्या उदयचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. थंडीने कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंगांवरच भागवतो आहे.) तुमची प्रकृती उत्तम आहे असं धरून चालतो, कारण बिघडली असती तर मामींचं पत्र आलं असतं. त्यांचा गुडघा काय म्हणतो? पेरूवर यंदा माकडं आली का? मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही चष्मा बदललात हे कळलं. जुना टाकून दिला नसेल अशी आशा आहे. दातांचं विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला येऊन मी स्वतः मापं घेतली आणि इथून तुम्हाला कवळी करून पाठवली. ती तुम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलीत आणि 'सावधान' म्हणताना तिच्यातून शिट्टी वाजते, एसटीचा कंडक्टर मांडवात शिरल्यासारखं वाटतं, असं कळवलंत. आमच्या शिल्पाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला मी येणार नाही, टेप लावा, असंही कळवलंत. वाचलं. त्यावर या पत्रात मी एक अक्षर बोलणार नाही. मला सांगायचं आहे ते मिस्टर लॉरिमर यांच्याबद्दल.

गेल्या सप्टेंबरात हे गृहस्थ माझ्या खुर्चीत येऊन बसले. वय अठ्ठ्याहत्तर, बुटांना असं पॉलिश की त्यात मला माझं नाक दिसलं, आणि वरच्या हिरडीत एकही दात नाही. (हलायला लागले म्हणून मागच्या वर्षी सुट्टीत ब्लॅकपूलला काढून घेतले होते.) गॅसच्या ऑफिसातून निवृत्त झालो, एवढंच त्यांनी सांगितलं. मी जीव ओतून कवळी केली. मामा, खरंच सांगतो, इतके सरळ दात देवसुद्धा कुणाला देत नाही. आरशात पाहून ते थँक यू म्हणाले आणि गेले. पुढच्या आठवड्यात परत आले ते हातात एक लांबट काळी पेटी घेऊन. पेटीत सॅक्सोफोन होता. (आपल्याकडे वरातीच्या बँडात तो वाकड्या मानेचा पितळी प्रकार असतो, तोच.) पेशंट खोळंबलेले असताना त्यांनी तो तिथेच वाजवून दाखवला. मला बरा वाटला. ते म्हणाले, "हे दात सभ्य आहेत, डॉक. मी तसा कधीच नव्हतो."

मग त्यांनी आपली जीवनकहाणी सांगितली. पण सांगणारा दातांच्या खुर्चीत आणि ऐकणारा त्याच्या तोंडात साचा घालणारा, त्यामुळे तिच्यात मधली मधली वर्षं गायब आहेत. फाइफच्या कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा. खाणीच्या बँडात कॉर्नेट (आखूड तुतारीच ती) शिल्लक नव्हता म्हणून त्याच्या हाती क्लॅरिनेट आलं. पुढे मूकपटाच्या थिएटरात वाजवायची नोकरी लागली आणि लगेच चित्रपट बोलायला लागले. नोकरी गेली. (त्याबद्दल त्यांचा अजून सिनेमावर राग आहे, टीव्हीवर लागला की आवाज बंद करून बघतात.) मग सॅक्सोफोन घेतला आणि १९३५ साली 'हेक्टर लॉरिमर अँड हिज मेलडी मेन' हा बँड काढला. अकरा जण, पांढरे कोट, पुढे उभे राहून हेक्टरसाहेब. पोर्टोबेल्लोच्या समुद्रकाठच्या हॉलमध्ये शनिवारी उभं राहायला जागा नसायची, आणि नाचायला आलेल्यांना तीच सोय वाटायची. मग लंडनच्या एका बड्या माणसाचं बोलावणं आलं, आणि नेमका तेव्हा मी साचा तोंडात घातला. काढला तेव्हा साहेब एअर फोर्सच्या बँडाबरोबर इजिप्तमध्ये होते. लंडनचं काय झालं ते राहूनच गेलं. युद्धानंतर बँड पुन्हा जमला, बँडात गाणाऱ्या पेगीबाईंशी लग्न झालं, आणि पुढे तरुण पोरांना गिटार हवी झाली तेव्हा सॅक्सोफोन पलंगाखाली गेला आणि साहेब गॅसच्या ऑफिसात.

आता तो बाहेर का काढला, तर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्याच हॉलमध्ये दुपारच्या चहाबरोबर जुन्या बँडचा कार्यक्रम ठरला होता. अकरातले सहा जण उरले आहेत. हेक्टरना वाजवता आलं नाही तर त्यांच्या जागी डंकन उभा राहणार होता. हा डंकन १९३५ पासून दुसरा सॅक्सोफोन वाजवतो, म्हणजे पहिल्याच्या पाठीकडे बघत त्याचा जन्म गेला. वय शहात्तर आणि दात सगळे स्वतःचे. माणूस वाईट नाही, पण त्या दिवसांत तो जरा जास्तच हसायचा.

मी इरेला पेटलो. कवळी तीनदा घासली. शेवटी तालमीलाच जाऊन बसलो, चर्चच्या हॉलमध्ये, मांडीवर घासायच्या हत्यारांची बॅग. (मंजिरी म्हणाली, तबलजी हातोडी घेऊन बसतो तसे दिसत होतात. ती काही कौतुक म्हणून म्हणाली नाही.) हेक्टरनी डोळे मिटून एक उंच सूर लावला, चांगला लांबवला आणि ऐटीत वाद्य तोंडातून बाहेर काढलं. त्याबरोबर माझी कवळीही बाहेर आली. ती वाद्याच्या टोकाला धरून तशीच हसत राहिली. बँड थांबला. डंकन ओळीने सगळे दात दाखवत होता. मला हसू आलं नाही, मामा, कारण हेक्टर रागावले नाहीत. त्यांनी कवळी पुसून मला दिली, सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि डंकनच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढची खुर्ची दाखवली. डंकनचंही हसू गेलं. घरी येताना मला फार वाईट वाटलं.

निदान चहा तरी घ्या, म्हणून मी हेक्टरना घरी आणलं होतं. मंजिरीने पोहे केले. (त्यांना दातांशिवाय खाता आले, त्यामुळे आवडले.) तिथे तो सॅक्सोफोन हातात घेऊन बघताना मला एकदम सुचलं. त्याचा तोंडात धरायचा जो काळा तुकडा असतो, माउथपीस, त्यावर वरचे पुढचे दात टेकवून वाजवतात. साहेबांचा माउथपीस पहिल्यापासून तोच. एकाच जागी दात टेकून टेकून त्यावर दोन खाचा पडल्या होत्या. डावी खोल, उजवी तिरकी, मध्ये अंतर. म्हणजे हेक्टर लॉरिमरचे गेलेले दात जसेच्या तसे त्या काळ्या तुकड्यावर शिल्लक होते, आणि मी ते आपल्या डोक्याने सरळ करून ठेवले होते. मी त्या खाचांचाच साचा घेतला. डावा दात लांब हवा आणि उजवा फिरलेला, असं लॅबवाल्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, उद्या सकाळी फोन करा, आता तुम्ही पार्टीत दिसता. शेवटी मीच मेणात दात लावले. वीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ केले. वाकडे करायला त्याहून जड जातं.

त्या रविवारी हॉलमध्ये आम्ही पेगीबाईंच्या टेबलाशी बसलो. बाईंनी खुर्ची फिरवून स्टेजकडे पाठ केली. बघितलं की नीट ऐकू येत नाही, म्हणाल्या. हेक्टर उभे राहिले. वाजवायला लागले. मला त्यातलं काही कळत नाही, मामा, पण माझ्या खुर्चीत वाजवलं होतं ते हे नव्हतंच. आवाज जरा फाटका, जरा उद्धट, आणि असा भरलेला की म्हातारी जोडपीच्या जोडपी काठ्या ठेवून नाचायला उठली. बाई पाठमोऱ्याच बसून होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हं. हा आमचा." मी धीर करून लंडनचं विचारलं. त्या म्हणाल्या, लंडनचा साहेब तयार होता, त्याची अट एकच होती, फोटोसाठी दात सरळ करून घ्या. हेक्टर नाही म्हणाले आणि परतीची गाडी धरली. एवढं ऐकून मी केकचा दुसरा तुकडा घेतला. फार बरं वाटत होतं.

तर असं सगळं छान चाललं आहे. मामींना नमस्कार. माकडांचं कळवा.

तुमचा,
उदय

ता. क. मंजिरीने पत्र वाचलं. खाचा तिला दिसल्या होत्या, मला नाही, हे लिहिल्याशिवाय ती पाकीट चिकटवू देत नाही. लिहिलं.

ता. क. २ काल डंकन आला होता. डावा दात थोडा लांब करून मिळेल का, विचारत होता. मी नाही म्हटलं. तो परत येईल.

ता. क. ३ फळ्यापाशी आमच्या चुकलेल्या उत्तराची वाट बघत तुम्ही ज्या जाड चष्म्याची काडी दातांत धरून उभे राहायचात, तो जुना चष्मा रजिस्टर पोस्टाने पाठवा. काडीवर तुमचे दात आहेत. मी लहानपणी बोटाने चाचपले आहेत. लग्न मे महिन्यात लंडनला, एजवेअरमध्ये आहे, तिकिटं मी धाडतो, कवळी त्याआधी पोचेल. शिल्पाला टेपचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "टेप नको, बाबा. मामाआजोबांचं आवाज पाहिजे, तसंच जुनंवालं. नाहीतर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही, सीरियसली." चष्मा पाठवताना मामी तो धुवायला घेतील. त्यांना धुऊ देऊ नका.