तुमच्या खोलीची फरशी फोडली

सासूबाई,

‘तीर्थरूप’ लिहायला हात वळला नाही. नमस्कारही राहू द्या. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. आज तुमच्या खोलीत अंघोळीचा टब बसला, आणि ही बातमी तुम्हाला माझ्याच हातून कळावी म्हणून लिहिते आहे.

हो, तुमच्याच खोलीत! तुंगार्लीचे एक साहेब बंगला मोकळा करून विलायतेला निघाले. त्यांचा बिडाचा टब चार गड्यांनी उचलून आपल्याकडे आणला. तुमचा पलंग मी मागच्या पडवीत टाकला.

शेजारच्या न्हाणीतून गटाराचा वास येतो म्हणून तुम्ही केवढा गहजब केला होता, आठवतं? उस्मानभाई नळवाले तेव्हा तरणे होते. बघून म्हणाले, “मावशी, वाकडा ट्रॅप टाकतो. त्यात पाणी साठून राहतं, वास वर येत न्हाई. फक्त नळ तुमच्या खोलीखालून जातो, दोन फरशा काढाव्या लागतील.”

तुम्ही काय म्हणालात? “सुनंच्या अंघुळीसाठी माझी फरशी फोडू? आमी उघड्यावरच न्हालो, मेलो न्हाई!” आणि न्हाणीची मोरी विटांनी बुजवलीत.

मी आठ दिवसांची बाळंतीण होते. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच झालं. पौषातला वारा, मागच्या अंगणात गोणपाटाचा आडोसा, आणि पायांवर कुसुम. तिलाही तिथंच न्हाऊ घालायचं. ती खोकायला लागली तेव्हा मी विचारलं, “हिला चुलीपाशी न्हाऊ घालू का?” “सैपाकघर बाटवू नगंस,” एवढंच म्हणालात.

बाविसाव्या दिवशी ती गेली. लोकांना तुम्ही सांगितलंत, पोर अशक्तच होती. अशक्त? माझं बोट एकदा धरलं की सोडवता सोडवत नसे!

तुम्ही मात्र शेवटपर्यंत खोलीत बसून घंगाळातल्या ऊन पाण्यानं न्हालात. पाणी मी तापवलं. सांडलेलं मीच पुसलं.

गेल्या आठवड्यात उस्मानभाईंनी माझ्यापुढे दोन ट्रॅप ठेवले. एक शिशाचा, उथळ. “हा टबाखाली मावतो वहिनी, फरशीला हात लावायला नको. पण पाणी कमी धरतो. उन्हाळ्यात टब चार दिवस पडून राहिला की सुकला.” दुसरा बिडाचा, खोल, बुडाशी पेचाचं झाकण. “ह्यात पाणी लय टिकतं. केस अडकले तर झाकण उघडून काढा. पण फरशी फोडावी लागंल.”

“खोल बसवा,” मी म्हणाले.

तुमचे चिरंजीव दारात उभे होते. म्हणाले, “आईची फरशी आहे ती.”

“मोरी बुजवली तेव्हाही तुम्ही असेच दारात उभे होतात,” मी म्हटलं.

ते बाजूला झाले. उस्मानभाईंकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि पहिला घाव मीच घातला. शहाबादी मधोमध चिरली. सुख झालं मला, सासूबाई. खोटं कशाला लिहू?

आज सकाळी टब काठोकाठ भरून बूच काढलं. उस्मानभाईंनी सांध्याखाली राख पसरली होती, ती कोरडीच राहिली. मी खाली वाकून कितीदा तरी हुंगलं. वास नाही. म्हणजे एवढंच हवं होतं! एवढासा वाकडा तुकडा, आणि तुमच्या दोन फरशा!

वैशाखात माझ्या मुलाचं, वसंताचं, लग्न आहे. त्याची बायको आतून कडी लावून, ऊन पाण्यानं न्हाईल. आजेसासूबाई कशा होत्या, असं तिनं विचारलं तर तुमच्या सोवळ्याचं, उपासांचं कौतुक मी करणार नाही. कुसुमचं सांगेन, एक शब्दही न वगळता. नातवंडांना कळू लागलं की त्यांनाही सांगेन. लोणावळा तुम्हाला खुशाल पुण्यवान म्हणो. या घरात तसं कोणी म्हणणार नाही, हे माझं वचन.

कुसुमची आई,
जानकी