दाव्यासकट दिलेल्या शेळ्या

मी, धम्मप्रिया केरबा हनवते, वय चोवीस, शिक्षण बी.एस.डब्ल्यू., अविवाहित, राहणार मौजे सावरखेडी, तालुका हिमायतनगर, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र सुलतानबी यांच्या ओसरीवर बसून, भर दुपारी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि डोके ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून मला कुणी धमकावलेले नाही. धमकावले आहे ते लिहू नये म्हणून.

चोवीस वर्षांच्या मुलीने मृत्युपत्र का करावे, असे वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून आधी कारण, मग वाटणी.

कलम १. कारण.

गावातल्या चाळीसेक शेळ्या आज सरकारदरबारी माझ्या नावावर आहेत. त्यांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवर जे नंबर आहेत, त्यांच्यापुढे मालक म्हणून माझेच नाव आहे. खरे पाहता, एक काळी शेळी सोडली तर त्यातली एकही माझी नाही. त्या आमच्या शेळी-फेर योजनेतल्या बायकांच्या आहेत.

पूर्वी आमच्या वस्तीत शेळ्या होत्या, पण त्या गावचे बडे शेतकरी सोपानअण्णा यांच्या. अण्णा शेळी अर्धलीने देत. म्हणजे पोसायची आपण, राखायची आपण, आणि पिल्लांतली निम्मी अण्णांची. शेळी कायम त्यांचीच. ती मेली तर भरून द्यायची. लेंडीखत त्यांच्या शेतात टाकायचे, आणि सुगीत बोलावणे आले की आपले काम टाकून आधी त्यांच्याकडे जायचे. माझ्या आईने जन्मभर त्यांच्या शेळ्या राखल्या. ती गेली तेव्हा दारात तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. अण्णांचा माणूस आला आणि माती व्हायच्या आधी सोडून घेऊन गेला.

आईच्या कानातली फुले मोडून मी पहिल्या दोन शेळ्या आणल्या. वस्तीतली सरजामाय तेव्हा म्हणाली होती, "तुझ्या मायच्या कानातलं शेळीच्या कानात गेलं की गं!" एक शेळी तिला दिली आणि एक सुलतानखालांना, म्हणजे याच ओसरीच्या सुलतानबींना. नियम साधा ठेवला. शेळी तुमच्या दारी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, दूध सुटल्यावर पुढच्या बाईला द्यायची. ती दिली की मूळ शेळी कायमची तुमची. त्यानंतर कुणाचे काही लागत नाही.

आमच्याकडे जनावर विकताना गळ्याचे दावे देत नाहीत, विकणारा ते घरी ठेवून घेतो. आम्ही ठरवले की आपण विकत नाही, देतो, तर दाव्यासकट द्यायचे. पाट देणारी बाई चारचौघींसमोर घेणारीच्या हातात दावे देते आणि घेणारी तिच्या पदरात मूठभर ज्वारी घालते. दाव्याबिगर शेळी दुसऱ्याच्या दारात दिसली तर ती दिलेली नाही, नेलेली आहे, असे समजायचे. आमच्यात हीच पावती.

आता या शेळ्या माझ्या नावावर कशा, ते. बिल्ले मारायला दवाखान्याची माणसे आली तेव्हा मालकाचे नाव विचारले. मी प्रत्येकीचे नाव सांगू लागले, तर सगळ्या एकदम ओरडल्या, नको. सरजामाय म्हणाली, "माझ्या नावावर केली की आमचा मालक सांजच्याला इकून यील. तुला नवरा न्हाई, म्हणून तुझ्या नावावर शेळी टिकती." तिचा नवरा तिथेच बसला होता. तोही म्हणाला, "हाव, खरं हाय तिचं." सगळे हसले, मीही हसले आणि माझे नाव घातले. लग्न न झालेली मुलगी म्हणजे गावातले सगळ्यात सुरक्षित कुलूप, असे आम्हाला वाटले. ती मेली तर काय, हे कुणाच्या मनातही आले नाही.

ते सोपानअण्णांच्या मनात आले.

मी बिनमृत्युपत्राची गेले, तर माझे सगळे माझ्या वडिलांकडे जाते. माझे वडील केरबा हे अण्णांकडे सालगडी आहेत. माझ्या जन्माच्याही आधीपासून. त्यांच्या हाती आलेली शेळी अण्णांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जायला किती वेळ लागेल, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

सगळ्या शेळ्या ज्या त्या बाईच्या नावावर करायच्या, असे आता ठरले आहे. नवऱ्यांनी चारचौघांत शब्द दिला आहे. उद्या सोमवारी सगळ्यांची कागदपत्रे घेऊन मी हिमायतनगरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाणार आहे. म्हणजे या कागदाची गरज फक्त उद्या दुपारपर्यंत आहे. पण तेवढ्यापुरती ती आहे.

कलम २. शेळ्या.

माझ्या मृत्यूनंतर ज्या शेळीचे दावे ज्या बाईच्या घरी असेल, ती शेळी व तिची पिल्ले त्या बाईच्या मालकीची. फिरतीवर असलेल्या, म्हणजे अजून कुणाला न दिलेल्या पाटी सरजामाय यांनी सांभाळाव्यात आणि ठरलेल्या क्रमाने द्याव्यात. क्रम सगळ्यांना तोंडपाठ आहे. भांडण झाल्यास सुलतानखालांचे ऐकावे. त्यांच्या आवाजापुढे तसेही कुणाचे चालत नाही. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही मी त्यांच्यावर सोपवते.

वडिलांचा, बहिणीचा किंवा इतर कुणाही नातेवाइकाचा या शेळ्यांवर हक्क नाही.

कलम ३. माझ्या मृत्यूविषयी.

हे कलम लिहू नये असे खालांचे म्हणणे पडले. "जिभेला हाड न्हाई तुझ्या," म्हणाल्या. तरी लिहिते.

मला पोहता येते. कालव्याला पाणी भरून असताना मी या काठाहून त्या काठाला जाते. बाबांनीच शिकवले. तेव्हा पाय घसरून बुडाली, असे कुणी सांगितल्यास ते लिहून घेण्याआधी हे वाचावे.

आमच्या घरात फवारणीचे औषध नाही, कारण आम्हाला शेत नाही.

माझे कुणाशी प्रेमप्रकरण नाही. असते तर सरजामायने ते माझ्याआधी ओळखले असते. मी निराश नाही. या उन्हाळ्यात शेजारच्या दोन गावांत शेळी-फेर सुरू करायची आहे, आणि त्या कामासाठी मी जगायला फार उत्सुक आहे.

गेल्या महिन्यात बसथांब्यावर सोपानअण्णा भेटले. ते कधी आवाज चढवत नाहीत. आईची आठवण काढली, चहा घेतेस का विचारले. मग म्हणाले, "शिकलीस, लई चांगलं झालं. पण शिकलेल्या पोरी गावात टिकत न्हाईत. तू कवा जाणार हायस?"

"मी कुठंच जात न्हाई, अण्णा."

"जातात गं बाई," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जातात."

हात बराच वेळ ठेवला होता.

त्या आठवड्यात आमच्या वस्तीतला कुत्रा मेला. अनोळखी माणसावर तेवढाच एक भुंकायचा. मग माझी काजळी गेली. ती काळी शेळी तेवढी खरी माझी, म्हणजे माझ्या घरी बांधलेली. सकाळी दार उघडले तर शेळी नाही, आणि दावे कडीला अडकवलेले. कापलेले नव्हते. नीट सोडून, गुंडाळून, गाठ मारून ठेवलेले होते. ती गाठ मी ओळखली. तशी दुहेरी गाठ गावात एकच माणूस मारतो. मी कुणाला सांगितले नाही. आज पहिल्यांदा लिहिते की ती गाठ माझ्या वडिलांची आहे.

माझा त्यांच्यावर राग नाही. मला भीती वाटते ती त्यांना काय सांगितले जाते याची, आणि ते नाही म्हणू शकत नाहीत याची.

कलम ४. इतर वस्तू.

माझी पुस्तके, सायकल आणि आईचा फोटो माझी बहीण लुंबिनी हिला. ती लातूरला नर्सिंगला आहे. तिने शिक्षण अर्धे टाकून गावी येऊ नये. माझ्यासाठीही नाही.

माझे पदवीचे प्रमाणपत्र मी वडिलांना आधीच देऊन टाकले आहे. ते त्यांना वाचता येत नाही, पण पाहुणे आले की तेच काढून दाखवतात आणि बहुतेकदा उलटे धरतात. तसेच धरू द्यावे.

शेळ्यांची औषधे आणि थर्मामीटर सरजामायला. बोकड खच्ची करायचा चिमटा कुणाला द्यावा यावर ओसरीत बराच वाद झाला. सरजामायचे मत पडले, "अण्णालाच द्या की. लावूनच द्या." ही सूचना नोंदवली आहे, मान्य केलेली नाही. चिमटा योजनेचा राहील.

शाळेच्या गुरुजींना मी काही ठेवत नाही. साक्षीदार म्हणून सही करतो असे त्यांनी कबूल केले होते. आज सकाळी निरोप आला की त्यांना अचानक एका लग्नाला जावे लागले. लग्न कुणाचे, ते निरोप आणणाऱ्याला सांगता आले नाही.

मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणात वरणभात करावा. शेळी किंवा बोकड कापू नये.

कलम ५. साक्षीदारांविषयी.

ज्यांना या कागदाने काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे आम्ही ठरवले, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही. त्यामुळे योजनेतली एकही बाई चालत नव्हती आणि वस्तीतले जवळजवळ प्रत्येक घर योजनेत आहे. पहिले साक्षीदार म्हणून सुलतानखालांचे भाऊ मकबूलमामू हिमायतनगरहून आले. त्यांचा बकऱ्यांचा धंदा आहे. पेन हातात घेऊन म्हणाले, "जिंदगीभर बकऱ्यांच्या मौतीचाच गवाह हाय मी, बेटी. तुझ्या नको बनवू मला." मग वरणभाताचे कलम ऐकून म्हणाले, "वर आणि माझा धंदा बी बुडवून राहिली."

दुसरा साक्षीदार नव्हता. कुणाला बोलवावे यावर आमचे बोलणे चालू असताना माझे वडील ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. या वेळी ते कधी आखाडा सोडत नाहीत. खांद्यावरचा रुमाल त्यांनी हातात घेतला होता आणि पिळत होते.

"काय लिवलंस, वाच," ते म्हणाले.

मी पहिल्यापासून वाचले. काहीही गाळले नाही. गाठीचे वाक्यही वाचले. सगळ्या बायका खाली बघत होत्या.

बाबांनी रुमाल आणखी घट्ट पिळला. मग म्हणाले, "अण्णानं सांगितलं, शेळी आण, पोरीला समज दी. मी आणली. त्यानं इचारलं, दावं कुठं हाय. म्हटलं, तुटलं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाव्याबिगर शेळी म्हंजी दिलेली न्हाई, असं तुम्हीच म्हणता ना? म्हणून ठिवलं."

मी त्या दाव्याला इतके दिवस धमकी समजत होते.

"कुठं करायची सही?" त्यांनी विचारले.

सरजामाय म्हणाली, "केरबा, सही केलीस तर पोरीचं तुला काई मिळायचं न्हाई. कळतंय का?"

"म्हणूनच करून राहिलो," बाबा म्हणाले. "मला काई मिळायचं न्हाई हे अण्णाला कळू दी. मंग तिच्या वाटंला कुणी जायचं न्हाई."

मग मला म्हणाले, "उद्या कालव्याच्या वाटेनं जाऊ नको."

मकबूलमामूंनी विचारले, "का रं? कोण हाय तिकडं?"

"जाऊ नको म्हटलं ना. डांबरी रस्त्यानं जा. सगळ्याजणी जा, शेळ्या घिऊन जा. उजेडी जा."

याहून जास्त त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारायला हवे होते की नको, हे मला अजून कळत नाही.

मी वरील सर्व मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा वाचून दाखवला, तो माझ्या मर्जीप्रमाणे आहे, आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून देणार : धम्मप्रिया केरबा हनवते

साक्षीदार १ : मकबूल, रा. हिमायतनगर, बकऱ्यांचे व्यापारी

साक्षीदार २ : केरबा हनवते, रा. सावरखेडी, सालगडी, लिहून देणारीचे वडील. (अंगठा नाही, सही. मी नववीत असताना शिकवली होती. आजवर त्यांना ती कुठे करावी लागली नव्हती.)

सह्या झाल्यानंतर लिहिलेला मजकूर :

सही करून बाबांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि आखाड्यावर परत निघाले. मी म्हटले, आज घरीच राहा. ते म्हणाले, "मी गेलो न्हाई तर त्याला आत्ताच कळंल, अन् तो तुमची वाट अडवंल. उद्या तुमचं काम झाल्यावर कळू दी." काजळीचे दावे मी त्यांच्या हातात देऊ लागले, येताना तिला घेऊन या म्हणून. ते त्यांनी घेतले नाही. "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दी," म्हणाले. आता ते दावे या कागदाशेजारी ठेवले आहे.

सुलतानखालांना माझी शेवटची सूचना. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडायचा असे आमचे ठरले होते. ते बदलते. उद्या दिवे लागेपर्यंत केरबा हनवते स्वतःच्या पायांनी घरी आले नाहीत, तर माझ्या मरणाची वाट न बघता हा कागद घेऊन सगळ्यांनी पोलीस ठाण्यात जावे आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावा. बाबांनाही पोहता येते.

सही : धम्मप्रिया केरबा हनवते
स्थळ : सुलतानबी यांची ओसरी, मौजे सावरखेडी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, रविवार