डोकं नसलेल्या गिटारची तार

आप्पा, तुमच्या नातीच्या गिटारला डोकंच नाही. थट्टा नाही करत. मान वर जाते आणि एकदम संपते. जिथे खुंट्या हव्यात तिथे नुसती लोखंडी पट्टी आणि बारीक स्क्रू. तार पिळायची बटणं खाली, पोटाशी. तुम्ही असता तर चहा गार होईपर्यंत ती उलटीपालटी करत बसला असता. मीही तेच केलं.

काल लोणखेड्याला तिच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. सकाळीच बारीक तार तुटली आणि घरात जादा तार एकच. "मी बसवते," मी ऐटीत म्हटलं. लग्नाच्या बँडमधल्या बँजोवाल्याची लेक ना मी! लहानपणचं डोळ्यांपुढे आलं. ओट्यावर बँजो मांडीवर घेऊन तुम्ही सांगताय, मी तार धरून उभी आहे: "ढील ठेव वं पोरी, खुंटीवर येढा बसतीन तवयच तार तग धरी." म्हणून इथेही मी चांगली ढील ठेवली, वरचा स्क्रू आवळला, खालचं बटण फिरवत गेले. बटण शेवटाला जाऊन अडलं. तार मात्र लोंबतेच आहे.

"आई, आजून ढीलीच शे," पोरगी रडकुंडीला आली. मग डोक्यात आलं, इथे वेढा बसणार कुठे? खुंटीच नाही, तर तुमची ढील सगळी त्या बटणालाच ओढावी लागणार, आणि त्याची धाव बोटभरसुद्धा नाही. बटण पूर्ण सैल केलं, स्क्रू उघडला, तार हाताने ताणून धरली आणि मग आवळली. दोन-चार फेऱ्यांत सूर लागला. इतकं साधं! मला फार गंमत वाटली, पण तुम्ही चुकलात याचं वाईटही वाटलं.

कार्यक्रम भर दुपारी, उघड्या मैदानात, वर नुसतं मंडपाचं कापड. तेव्हा तुमचं दुसरं सांगणं आठवलं: "सावलीमा थोडी चढीच ठेव, उनमा ती आपोआप उतरस." वरातीत तुम्ही नेहमी तसंच करायचात. मी बटणाला हात लावला तर पोरगी ओरडली, "मोबाईल सूर बरोबर दखाडस. आते हात लावू नको!" मी हात मागे घेतला.

ती छान वाजवत होती. पोरं शिट्ट्या मारत होती, शेजारच्या बाई मला कोपराने ढोसत होत्या. मी कान त्या एका तारेवर लावून बसले होते. तार शेवटपर्यंत सुरात राहिली. मंडपाच्या कापडामुळे असेल, नाहीतर तारच नव्या जातीची असेल. अजून कळलेलं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे, आप्पा. पोटच्या पोरीची तार भर स्टेजवर जराशी उतरावी, असं मला सारखं वाटत होतं. तुमचं एक तरी खरं ठरावं म्हणून.