काकूचे चार गंज

५ जानेवारी, रविवार

काल सदाकाकांची तेरवी झाली. आज आमच्या बागवाल्या ग्रुपची मीटिंग, त्यांच्याविना पहिली. तेलीबांध्याच्या तलावाजवळ, नेहमीच्या बाकांवर. दर महिन्याले रोपांची अदलाबदल असते, आज कोणी काहीच आणलं नाही. अकरा वर्षं हा माणूस पिशवी भरून रोपं आणायचा अन् रिकामी पिशवी घडी घालून घरी न्यायचा. साहू भैया बोलायले उठले. "काका जो थे ना..." एवढंच म्हटलं अन् खाली बसले.

मले रडू नाही आलं. राग आला. छातीत दुखून राहिलं तर सांगायचं नाही का कोणाले? कुंड्या काय पळून जात होत्या?

७ जानेवारी

नव्या रायपुरातलं ऑफिस सुटल्यावर सरळ तात्यापाऱ्यात, काकांच्या घरी. सिंधूकाकू गच्चीवर एकटीच. "वंदू, सिंधूले काय झालं पाह्य ना बापा."

सिंधू म्हणजे काकांचं अडेनियम, कुंडीतलं जाड बुंध्याचं फुलझाड. स्वतः बी धरून वाढवलेलं, पांढरं फूल, कडेला लाल रेघ. काकूचं नाव दिलं. बाकी झाडं मागेल त्याले द्यायचे, पण याची फांदी कोणाले नाही. दर मीटिंगले कोणी तरी मागायचं अन् काका म्हणायचे, "बाकी काहीही न्या. ती काकूची आहे."

बुंधा दाबून पाहिला. सडक्या बटाट्यासारखा आत गेला. वास.

थंडीत अडेनियम झोपलेलं असतं, त्याले पाणी लागतच नाही. ग्रुपमधल्या नवशिक्यालेही माहीत आहे हे. काकू म्हणाली, मी तर हातसुद्धा लावला नाही. मग लक्षात आलं. तेरा दिवसांत ग्रुपमधलं जे कोणी भेटायले आलं ते एकदा गच्चीवर गेलं. प्रत्येकाले वाटलं, अरेरे, काका गेले, झाडांना पाणी कोण घालणार. अन् प्रत्येकानं सिंधूले एकेक लोटा. मी दोन घातले. सगळे स्वतःले मोठे माळी समजणारे! बह्याड कुठले.

काकूले म्हटलं, थंडीनं गेलं असेल.

"हे गेले, त्याच्यामागं तेही गेलं. सगळ्या रायपुरात एकच होतं, वंदू. माझं म्हणून."

मी मान खाली घातली. एकच नव्हतं.

८ जानेवारी

लिहूनच टाकते, नाही तर डोकं फुटेल. माझ्या गॅलरीत सिंधू आहे. दोन वर्षं झाली.

आई गेली तेव्हा मी तीन महिने गॅलरीचं दार उघडलं नव्हतं. एक दिवस बेल वाजली, दारात काका. लिफ्ट बंद, चार जिने चढून आलेले, धापा टाकून राहिले होते. हातात जर्मनच्या छोट्या गंजात, म्हणजे अल्युमिनियमच्या पातेल्यात, कलम. "घे, सिंधूची आहे. कोणाले सांगू नको, काकूले तर बिलकुलच नाही. फक्त तुले देऊन राहिलो." पाणी प्यायले अन् गेले.

त्या 'फक्त तुले'वर मी दोन वर्षं मनातल्या मनात मिरवली. मीटिंगमध्ये ते लोकांना नाही म्हणत, तेव्हा मी दुसरीकडं पाहून हसू दाबायची.

आता काय करू? काकूले आणून द्यावी तर काकांचा शब्द खोटा पडतो. नाही द्यावी तर ती त्या सडक्या बुंध्यासमोर बसून असते. पोट्टीले सांगितलं. ती म्हणते, "मम्मी, बोल दो आपने चुराया था. सिंपल."

खरंच सिंपल. चोरून आणलेलं रोप जोमानं वाढतं म्हणतात, अर्ध्या शहराचे मनी प्लांट चोरीचे आहेत. चोर म्हणवून घेतलं तर काका खरे राहतात. ठरलं.

११ जानेवारी, शनिवार

ऑटोत मांडीवर सिंधू घेऊन गेली. रस्ताभर घोकून ठेवलं होतं. काकूनं दार उघडल्याबरोबर सुरू. "काकू, मी चोर आहे. तुम्ही आत चहा करून राहिल्या होत्या तेव्हा फांदी मोडून पर्समध्ये टाकली. दोन वर्षं झाली. माफ करा."

काकूनं माझ्याकडं पाहिलं, मग झाडाकडं.

"ठेव तिकडं. तू चौथी."

तुळशीजवळ तीन सिंधू! तशाच.

"काल दोघीजणी आल्या, आज सकाळी तुमचा साहू भैया. सगळ्यांनी चोरली म्हणे. तो तर माझे पाय धरून रडला."

चहा न घेताच निघाली. नंतर आठवलं, चपला उलट्या पायात घातल्या होत्या.

१२ जानेवारी

साहू भैयाले फोन. म्हटलं, खरं सांगा.

"पहले आप बताओ दीदी, आपने क्या बोला?"

"चोरी."

"हव, हम भी वही बोले."

त्यांच्या बायपासनंतर काका घरी गेले होते, कलम घेऊन. "बोले, सिर्फ आपको दे रहा हूँ।" बाकी दोघींनाही हेच म्हटलं असणार, मले विचारायचंही नाही.

पन्नाशीची बाई मी, गेलेल्या माणसावर रुसून बसली. फक्त तुले म्हणे! इतकं वाईट वाटून राहिलं की सांगता येत नाही. अन् मग काकूले काय वाटत असेल?

१५ जानेवारी

काकूचा फोन, येऊन जा. गेली. चारही सिंधू ओळीनं मांडून ठेवलेल्या, मोठ्यापासून लहान.

"हे काय आहे?"

"सिंधू."

"झाडाचं नाही विचारून राहिली. भांडं."

जर्मनचे गंज, एकात एक बसणारे. काकूले तिच्या आईनं दिलेले.

"या गंजांसाठी मी यांचं डोकं खाल्लं. एकेक गायब. हे म्हणत, माकडं नेत असतील. तू पर्समध्ये फांदी नेली ना? मग माझा गंज काहून नेला? खालून भोकं पाडून, माती भरून?"

अगाई! चौघं शहाणे, अन् एकाच्याही डोक्यात नाही आलं. ज्या भांड्यात मिळालं त्याच भांड्यात चोरी कबूल करायले गेलो. माझा गंज सगळ्यात लहान. म्हणजे बहुतेक मी शेवटची.

मग सांगितलं सगळं. पाण्याचंही सांगितलं, आम्हीच सडवलं म्हणून.

"हं. जो येई तो लोटा मागे. मी कोणाकोणाले नाही म्हणू?"

मी सारवासारव करायले गेली. "काकू, ज्याची वेळ वाईट होती त्यालेच दिलं त्यांनी. अन् दिलं म्हणून तर आज जिवंत..."

"राहू दे. त्यात मोठं काही शोधू नको. या माणसाले नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच. एक्केचाळीस वर्षं पाहिलं मी."

पदराचं टोक बोटाले गुंडाळत बसली. मग म्हणाली, "भांडायचं आहे मले, वंदू. एवढं मोठं खोटं सापडलं यांचं, अन् भांडायले माणूस नाही घरात."

अन् रडली. तेरा दिवसांत जी एकदाही रडली नव्हती ती. मीही रडली, तिले धरून. फार आठवण येते काकांची, फार.

निघताना म्हणाली, "चौघंही रविवारी या अन् ज्याचं त्याचं घेऊन जा. मले नको कोणाचं. गंज तेवढे ठेवून जा."

१९ जानेवारी, रविवार

तिघंही आपापली सिंधू घेऊन गेले म्हणे. साहू भैयांनी प्लास्टिकच्या पिशवीत नेली. मले ताप, जाता आलं नाही.

२४ जानेवारी

ऑफिसातून काकूले फोन केला. "काकू, माझं तेवढं राहिलं. या रविवारी येऊन नेते."

"रविवारी नको. मी घरी नाही."

"मग पुढच्या?"

"पुढच्याही नाही. अन् सारखा फोन करू नको त्या झाडासाठी. चहाले यायचं तर ये."

गुडघ्यांमुळं काकू जिना उतरत नाही. भाजीसुद्धा दोरीनं टोपलीत वर घेते. रविवारी कुठं जाणार आहे, ते मी विचारलं नाही.